नोंदवही, मोहीम आणि चाचणी

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या बायकांना सर्वेक्षणाचं नवल राहिलेलं नाही. दुपारी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या बाईसमोर आशाताई येऊन टेकते, पिशवीतून फॉर्म आणि मोजपट्टी काढते. अक्का, वय किती झालं? तंबाखू, मिश्री काही? घरात कुणाला बीपी, शुगर? मग कंबरेचं माप. गुणांची बेरीज चारच्या वर गेली की नाव आधी तपासणीच्या यादीत जातं. उत्तरं देताना अक्काचे हात थांबत नाहीत, कारण दिवसाच्या विड्या भरून द्यायच्या असतात. हा सरकारी कार्यक्रम आहे, तिशीपुढच्या बायाबापड्यांचा रक्तदाब, मधुमेह आणि कर्करोग वेळेत सापडावा यासाठी चाललेला. त्यासाठी कुणी अक्काची लेखी संमती घेत नाही, कुठल्या नैतिकता समितीसमोर अर्जही जात नाही.

आता असं समजा की तीच माहिती उद्या कुणी अभ्यासासाठी मागितली. तंबाखूच्या भुकटीत दिवसभर बसणाऱ्या बाईला दम्याचा त्रास जास्त होतो का, हा प्रश्न त्याला सोडवायचा आहे. बाई, मोजपट्टी आणि फॉर्म तेच राहतील. तरीही या दुसऱ्या कामाआधी समितीची परवानगी लागते, अक्काला समजावून सांगावं लागतं, नाही म्हणण्याचा तिचा हक्क तिला कळवावा लागतो. हा भेद कागदी वाटू शकतो. पण तो आपल्याकडे कसा रुजला याचा इतिहास पाहिला की त्यामागे हजारो बायका आणि मुली उभ्या दिसतात, आणि त्या इतिहासाचा मोठा तुकडा आपल्याच जिल्ह्यात, बार्शीत घडलेला आहे.

सोलापूरला प्रश्न विचारायला लोक फार आधीपासून येत आले. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२०च्या दशकात इथल्या गिरणी कामगारांच्या घरखर्चाचे हिशेब गोळा केले. पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली आणि धनंजयराव गाडगीळांचं सोलापूर शहरावरचं पुस्तक १९६५ साली छापून आलं. घरात ज्वारी किती, कर्ज किती, भाडं किती, हे लोकांनी सांगितलं आणि लिहिणाऱ्यांनी लिहून घेतलं. संमतीपत्र ही कल्पनाही तेव्हा नव्हती. तिथे माणसाच्या शरीराला धोका नव्हता, म्हणून ते निभावलंही.

वैद्यकात मात्र हा पेच जुना आहे. १८९७च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची साथ भरात असताना वाल्देमार हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात नेली. ज्या कैद्यांनी तयारी दाखवली त्यांना ती टोचली, बाकीचे तसेच राहिले, आणि दोन्ही गटांत प्लेग कुणाला होतो हे पाहिलं गेलं. साथ आटोक्यात आणण्याची ती धडपड होती, तसाच तो प्रयोगही होता. कोठडीतल्या माणसाच्या होकाराला किती वजन द्यायचं हे मात्र त्या वेळी कुणी विचारलं नाही.

हा प्रश्न विचारण्याची पद्धत नियमात बसायला पुढची ऐंशी वर्षं गेली. अमेरिकेत टस्कीगीच्या कृष्णवर्णीय शेतमजुरांना उपदंशाचा उपचार न देता चाळीस वर्षं नुसतं पाहत राहिल्याचं १९७२ साली उघड झालं. त्यानंतर नेमलेल्या आयोगाने १९७९ साली बेलमाँट अहवाल दिला, आणि त्याच्या अगदी सुरुवातीलाच हा भेद मांडला. समोरच्या रुग्णाचं भलं व्हावं म्हणून जे करतो तो उपचार. जे करून सर्वांना लागू पडेल असं ज्ञान मिळवायचं ते संशोधन. दोन्ही एकत्र चाललं असेल तर संशोधनाचा अंश असलेल्या कामाची तपासणी झालीच पाहिजे, असं आयोगाने म्हटलं. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, १९८० साली पहिलं धोरणपत्र काढलं आणि २००० साली सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं. त्याच २००० साली मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठीही एक आचारसंहिता तयार झाली. नुसते प्रश्न विचारण्यानेही माणसाचं नुकसान होऊ शकतं, हे तिने आपल्याकडे ठामपणे मांडलं.

या सगळ्याच्या मध्ये, १९८७ साली, बार्शीत एक नोंदवही उघडली गेली.

नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने सुरू झालेली बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी ही देशातली अशी पहिलीच. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं तिच्या कक्षेत होती. मुंबईत अशी नोंदणी १९६० च्या दशकापासून चालू होती, पण मुंबईचं गणित वेगळं. शहरातला कर्करोगाचा रुग्ण कधी ना कधी एखाद्या मोठ्या रुग्णालयात येतोच, त्यामुळे तिथे बसून नोंद करता येते. बार्शी-परांड्याकडची बाई अंगावरून पांढरं किंवा लाल जातं हे नवऱ्यालाही सांगत नसे. ती रुग्णालयात येणार नव्हती, म्हणून नोंद करणाऱ्यालाच गावात जावं लागलं. डॉ. भगवान नेने आणि साथरोगतज्ज्ञ डॉ. कस्तुरी जयंत यांच्या चमूतली माणसं गावोगाव फिरली. त्यांनी चावडीवर, देवळात बैठका घेतल्या, कर्करोगाची लक्षणं सांगितली आणि ज्यांना शंका आली त्यांना तपासणीला आणलं.

इथे एक विलक्षण गोष्ट घडली. ते आले होते मोजायला, पण मोजता मोजता जे मोजायचं तेच बदलू लागलं. लक्षणं कळल्यावर बायका लवकर येऊ लागल्या आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण वाढलं. बार्शीच्या चमूने हे १९९५ साली एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केलं. मग त्या कामाला म्हणायचं काय? रोगाची नोंद ठेवणं हे सार्वजनिक आरोग्याचं रोजचं काम आहे. लक्षणं सांगणं ही सेवा. सेवेचा उपयोग झाला का हे पाहणं म्हणजे कार्यक्रमाचं मूल्यमापन. आणि त्यातून निघालेला निष्कर्ष जगासमोर मांडणं हे संशोधन. चारही गोष्टी एकाच जीपमधून, एकाच माणसांच्या हातून झाल्या. मला यात काही खटकत नाही, कारण कुणापासून काही राखून ठेवलं गेलं नव्हतं. माहिती सगळ्यांना दिली आणि दार सगळ्यांसाठी उघडं ठेवलं.

पुढच्या प्रकल्पाबद्दल इतक्या निश्चिंतपणे बोलता येत नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाळणी तपासणी कोणत्या पद्धतीने करावी हा १९९० च्या दशकाच्या अखेरीस जगभर चर्चेचा विषय होता. पॅप स्मिअर ही जुनी पद्धत, तिला कुशल प्रयोगशाळा लागते. दुसरी पद्धत अगदी साधी. चार टक्के ॲसेटिक ॲसिडचा, म्हणजे व्हिनेगरसारख्या पातळ आम्लाचा बोळा गर्भाशयमुखावर लावायचा, मिनिटभर थांबायचं, आणि दिव्याच्या उजेडात पांढरे डाग उठतात का ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. तिसरी पद्धत नवी आणि महागडी. कर्करोगाच्या मुळाशी असलेला एचपीव्ही विषाणू नमुन्यात आहे का, हे ती शोधते. यातली कोणती पद्धत खरोखर मरण टाळते, हे तोवर कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं.

ते शोधायला बार्शीच्या रुग्णालयाने, मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने आणि फ्रान्समधल्या लियाँच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मिळून १९९९ साली शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात मोठी चाचणी उभी केली. पैसा गेट्स फाउंडेशनचा होता. जिल्ह्यातली ४९७ गावं ५२ गटांत विभागली आणि चिठ्ठ्या टाकाव्या तसे ते गट चार भागांत वाटले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात आल्या. ३४,१२६ जणींना एचपीव्ही तपासणी देण्याचं ठरलं, ३२,०५८ जणींना पॅप स्मिअर आणि ३४,०७४ जणींना आम्लाची तपासणी. उरलेल्या ३१,४८८ जणींना नेहमीची सेवा मिळणार होती. त्या काळात धाराशिवच्या खेड्यात नेहमीची सेवा म्हणजे कसलीही चाळणी नाही. त्यांना आजाराची माहिती दिली गेली, तपासणी कुठे मिळते तेही सांगितलं गेलं, पण कुणी त्यांच्या दारात तपासणी घेऊन गेलं नाही.

निकाल २००९ च्या एप्रिलमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४ जणी दगावल्या, तपासणी नसलेल्या गटात ६४. एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. पॅप स्मिअर आणि आम्लाच्या गटांत असा ठळक फरक दिसला नाही. जगभरच्या धोरणांवर या निकालाचा परिणाम झाला आणि एचपीव्ही तपासणीला पहिलं स्थान मिळण्यात धाराशिवच्या बायकांचा मोठा वाटा आहे. हे आपल्याकडे पुरेसं सांगितलं जात नाही.

पण त्या ६४ जणी डोळ्यांसमोरून हलत नाहीत. अमेरिकेतले विकृतिशास्त्रज्ञ एरिक सुबा यांनी यावर बोट ठेवलं. मुंबईच्या वस्त्या, उस्मानाबाद आणि तामिळनाडूतलं दिंडीगुल अशा तीन चाचण्यांतल्या तपासणी न मिळालेल्या गटांत मिळून किमान २५४ बायका दगावल्या, आणि तपासणीचा उपयोग होतो हे आधीच माहीत असताना असा गट ठेवणंच चूक होतं, असा त्यांचा आक्षेप होता. मुंबईच्या चाचणीला अमेरिकी सरकारच्या कर्करोग संस्थेचा पैसा होता. त्यामुळे तिथल्या मानवी संशोधन संरक्षण कार्यालयाने चौकशी केली आणि संमती घेताना बायकांना दिलेली माहिती अपुरी होती असं म्हटलं. संशोधकांचं उत्तर असं की देशात तेव्हा कुठेच संघटित तपासणी नव्हती, म्हणून त्यांनी कुणाकडून काही काढून घेतलं नाही, आणि आपल्याच परिस्थितीत सिद्ध झालेला पुरावा नसता तर सरकारने तपासणी सुरू केली नसती.

मला सुबांचा आक्षेप जड वाटतो. चाळणी तपासणीने हा कर्करोग रोखता येतो हे श्रीमंत देशांच्या अनुभवावरून दिसलं होतं. प्रश्न होता आपल्या साधनांत कोणती पद्धत चालेल एवढाच. तीन पद्धतींची एकमेकींशी तुलना करूनही त्याचं बरंचसं उत्तर मिळालं असतं. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. हा वाद घालता आला, कारण चाचणीने स्वतःला चाचणीच म्हटलं होतं. तिचा आराखडा होता, समितीची मंजुरी होती, बायकांची संमतीपत्रं होती, गटांची संख्या जाहीर होती आणि मृत्यू मोजलेले होते. त्या ६४ बायका आपल्याला माहीत आहेत त्या याचमुळे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळांच्या घरोघरच्या काळजीची चाचणी केली तेव्हाही तुलनेला वेगळी गावं होती, तिच्याबद्दलही प्रश्न विचारता येतात, आणि तेही याच कारणाने.

उस्मानाबादचे निकाल छापून आले त्याच वर्षी शेजारच्या राज्यांत याच्या उलट चित्र उभं राहत होतं. २००९ च्या उन्हाळ्यानंतर तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात सुमारे १४,००० आणि गुजरातेत वडोदरा जिल्ह्यात सुमारे १०,००० मुलींना एचपीव्हीची लस देण्यात आली. वय १० ते १४, बहुतेक मुली आदिवासी आणि गरीब घरांतल्या, कित्येक आश्रमशाळांच्या वसतिगृहांतल्या. पाथ ही अमेरिकी संस्था, आयसीएमआर आणि राज्य सरकारं त्यात होती, लस कंपन्यांनी मोफत दिली होती. या कामाला प्रात्यक्षिक प्रकल्प म्हटलं गेलं. लसीला देशात विक्रीची परवानगी आधीच मिळाली आहे, आम्ही फक्त ती शाळांमधून कशी पोचवावी हे पाहतो आहोत, सबब औषध-चाचणीचे नियम आम्हाला लागू नाहीत, अशी भूमिका होती.

मग सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या. पाच आंध्रातल्या, दोन गुजरातेतल्या. चौकशीत हे मृत्यू लसीमुळे झाल्याचं दिसलं नाही. सर्पदंश, बुडणं, विषप्राशन, ताप अशी कारणं निघाली, आणि हे स्पष्ट सांगायला हवं, कारण लसीविरुद्ध अफवा पसरवायला ही घटना अजून वापरली जाते. पण चौकशीत संमतीचे कागदही बाहेर आले. आंध्रातल्या ९,५४३ अर्जांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. आईबापांच्या जागी वॉर्डनने सही केली होती. मुलीला लसीनंतर काही झालं तर ते नोंदवायची, तातडीने दवाखान्यात न्यायची नीट व्यवस्था नव्हती. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०१३ च्या ऑगस्टमध्ये आपला ७२ वा अहवाल दिला आणि प्रकल्पाचा बचाव फेटाळला. परिणाम आणि दुष्परिणाम पाहायचे होते, माहिती गोळा करायची होती, तर ते संशोधनच होतं आणि त्याचे सगळे नियम पाळायला हवे होते, असं तिने कठोर शब्दांत नोंदवलं.

खम्ममच्या त्या सह्यांनी मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं. कागदावर कार्यक्रम लिहिलं की वॉर्डनलाही वाटतं, ही शाळेतल्या नेहमीच्या लसीसारखीच लस, द्या सही. त्याच्या हेतूत खोट नसेलही. प्रकल्पाला संशोधन म्हटलं असतं तर मुलीच्या बापाला गाठून बोलणं भाग पडलं असतं.

आयसीएमआरने २०१७ साली नवी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात हा भेद काळजीपूर्वक बांधला आहे. सरकारी यंत्रणेच्या कार्यक्रमाचं मूल्यमापन परीक्षणातून वगळता येतं, पण दोन अटींवर. त्याचा एकमेव उद्देश तो कार्यक्रम सुधारणं किंवा त्यावर देखरेख ठेवणं हा असावा, आणि माहितीत कुणाची ओळख पटेल असं काही नसावं. या ‘एकमेव’ला फार महत्त्व आहे. आपलं काम वगळण्याजोगं आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकारही काम करणाऱ्याच्या हाती ठेवलेला नाही. प्रस्ताव समितीकडे जातो आणि वर्गवारी तिथे होते. वैद्यकीय महाविद्यालयांत अजूनही काही विद्यार्थी काम संपल्यावर, प्रबंध छापायच्या वेळी मंजुरीचं पत्र मागायला येतात. तोवर विचारायची वेळ निघून गेलेली असते.

ही कसोटी पेठेत लावून पाहू. २०२० च्या सप्टेंबरात राज्यभर ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली. स्वयंसेवक ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन घरोघर फिरले, आमच्या गल्ल्यांतूनही. ते साथीचं काम होतं, ते थांबवून समितीची वाट पाहणं हा गुन्हा ठरला असता. महापालिकेने नंतर किती घरं राहून गेली, पुढच्या फेरीत माणसं कुठे वाढवायची, हे नावं वगळून काढलं तर ते मूल्यमापन. पण त्याच याद्यांमधून कुणी विडी कामगार बायका वेगळ्या काढल्या, त्यांच्या आजाराची यंत्रमागावरच्या पुरुषांशी तुलना केली आणि त्यावर निबंध लिहायचं ठरवलं, तर तो अक्काच्या उत्तरांचा दुसराच उपयोग झाला. आणि अर्ध्या वस्तीत एक सेवा द्यायची, अर्ध्या वस्तीत नाही, आणि फरक मोजायचा, असं ठरलं असेल तर कागदावर मोहीम, पथदर्शी उपक्रम किंवा गुणवत्ता सुधारणा काहीही लिहिलेलं असो, आधी समिती आणि आधी अक्काची परवानगी, यात मला शंका वाटत नाही. नाही म्हटल्याने आपलं विडी कामगाराचं कार्ड किंवा रेशन अडणार नाही, हे तिला तिच्या भाषेत, गरज पडली तर तेलुगूत, सांगावं लागेल.

खम्ममच्या गोंधळाचा एक धक्का पुन्हा बार्शीलाच बसला. लियाँच्या त्याच संस्थेने २००९ च्या सप्टेंबरात एचपीव्ही लसीची एक चाचणी भारतात सुरू केली होती. तीनऐवजी दोन डोस पुरतील का, एवढाच तिचा प्रश्न होता. देशभरातल्या केंद्रांत पुणे, मुंबई आणि बार्शीही होती. २०,००० मुली घ्यायच्या होत्या. ८ एप्रिल २०१० पर्यंत १७,७२९ झाल्या आणि खम्ममच्या प्रकरणानंतर सरकारने एचपीव्ही लसीचं सगळंच काम थांबवायला सांगितलं. या चाचणीची त्यात काही चूक नव्हती. अनेक मुलींचे पुढचे डोस राहिले आणि सुमारे ४,९५० जणींना एकच डोस मिळाला.

या मुलींना संशोधकांनी वाऱ्यावर सोडलं नाही. चाचणी पहिल्या दिवसापासून संशोधन म्हणूनच नोंदवलेली होती, म्हणून प्रत्येकीचं नाव, गाव, डोसची तारीख आणि पुढच्या तपासण्यांचं वेळापत्रक हाताशी होतं. वर्षानुवर्षं त्यांच्या घरी जाऊन रक्ताचे, आणि लग्नानंतर गर्भाशयमुखाचे नमुने घेतले गेले. २०२१ साली लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत निकाल आला. चिवट एचपीव्ही संसर्गापासून एका डोसने ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिलं होतं, दोन आणि तीन डोसांइतकंच. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयाच्या मुलींसाठी एक डोसही चालेल असं जाहीर केलं, आणि ज्या गरीब देशांना तीन डोसांचा खर्च झेपत नव्हता त्यांच्यासाठी वाट मोकळी झाली. खम्मम आणि वडोदऱ्यातल्या चोवीस हजार मुलींचं पुढे काय झालं हे सांगणारी अशी नोंदवही मात्र कुणी ठेवली नव्हती.